इन्फ्रारेड जॅमर क्षणभर रिमोट अडवतो आणि मग गप्प होतो: कारणं आणि उपाय

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते: "अण्णा, चालतंय, पण टिकत नाय बघा." ५५५ आयसी (ठरावीक वेगाने चालू-बंद करणारी टायमर चिप), एक ट्रान्झिस्टर, दोन इन्फ्रारेड एलईडी आणि नऊ व्होल्टची बॅटरी. टीव्हीकडे तोंड करून बटण दाबलं की रिमोट थंड पडतो, पण क्षणभरच. नंतर जॅमर चालू असतो, मोबाइलच्या कॅमेऱ्यात एलईडी जांभळा पेटलेला दिसतो, आणि मेसमधला कुणीतरी त्याच रिमोटने आरामात मॅचवरून बातम्यांवर जातो.

मग प्रत्येकाला सुचणारा इलाज ठरलेला असतो. अजून दोन एलईडी लावू, व्होल्टेज वाढवू. त्याने एलईडी गरम होतात, बॅटरी लवकर बसते, आणि रोग जिथल्या तिथे राहतो. कमी पडते ती ताकद नाही, लय. टीव्हीतला रिसीव्हर एकसारख्या चालणाऱ्या सिग्नलकडे दुर्लक्ष करण्यासाठीच बनवलेला असतो, आणि आपण नेमका तोच त्याच्यापुढे धरतो.

आधी हातात काय आहे ते ओळखा. लोक एकाच नावाने दोन वेगळ्या वस्तू घेऊन येतात. पहिली म्हणजे खरा जॅमर: स्वतः काही हुकूम देत नाही, फक्त रिमोटचा हुकूम पोचू देत नाही. दुसरी 'टीव्ही-बी-गॉन' जातीची: वेगवेगळ्या कंपन्यांचे पॉवर बटणाचे कोड एकामागून एक सोडत जाते आणि समोरचा टीव्ही बंद करते. ती कल्पना मिच ऑल्टमन या अमेरिकन माणसाची, २००४ सालची. पुढे तिचं किटही निघालं आणि सर्किट सगळ्यांसाठी खुलं झालं. दोन्हींचे आजार वेगळे आहेत. आधी पहिलीचं बघू, कारण जास्त डोकेदुखी तिचीच.

रिसीव्हर आत काय करतो

टीव्हीच्या खालच्या पट्टीत, काळसर प्लॅस्टिकमागे तीन पायांचा रिसीव्हर असतो. बाजारात तो टीएसओपी १७३८ किंवा १८३८ या नावाने मिळतो. रिमोटचा एलईडी ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश फेकतो, आणि तो साधारण ३८ किलोहर्ट्झने चालू-बंद होत असतो. रिसीव्हरमधला फिल्टर ३८ किलोहर्ट्झच्या आसपासचं तेवढं आत घेतो, बाकीचं टाकून देतो. उन्हातही इन्फ्रारेड असतं, बल्बमध्येही असतं, त्यामुळे ही चाळणी नसती तर टीव्ही स्वतःच चॅनल बदलत बसला असता. हे कल्पनेतलं नाही. १९५५ मध्ये झेनिथ कंपनीने प्रकाशावर चालणारा 'फ्लॅश-मॅटिक' रिमोट काढला होता, तेव्हा खिडकीतून आलेलं ऊन टीव्हीवर पडलं की चॅनल बदलायचं.

फिल्टरच्या बरोबरीने आत आणखी एक सोय असते, ऑटोमॅटिक गेन कंट्रोल. समोरून ३८ किलोहर्ट्झचा सिग्नल न थांबता येत राहिला तर हा रिमोट नाही, ही कुठल्यातरी ट्यूबलाइटची कटकट आहे असं धरून रिसीव्हर स्वतःचा कान बारीक करतो. सोलापूरच्या पूर्व भागात मागाच्या खडखडाटात पोर गाढ झोपतं आणि माग थांबला की जागं होतं, तसंच हे. तुमचा साधा ५५५ जॅमर म्हणजे न थांबणारा माग आहे. रिसीव्हरला त्याची सवय होते, आणि जवळून दाबलेला रिमोट त्याला पुन्हा ऐकू यायला लागतो.

टीएसओपी १७ मालिकेच्या डेटाशीटमध्ये कंपनीने हे स्पष्ट लिहिलं आहे. दाबून टाकायच्या सिग्नलच्या यादीत 'सलग ३८ किलोहर्ट्झ' आहे आणि इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबाही आहेत. काय चालेल तेही त्याच पानावर आहे: प्रत्येक बर्स्टमध्ये (सलग येणाऱ्या छोट्या झटक्यात) निदान १० सायकल, १० ते ७० सायकलच्या बर्स्टनंतर निदान १४ सायकलची गॅप, १.८ मिलिसेकंदाहून लांब बर्स्ट दिला तर पुढे कधीतरी तेवढीच विश्रांती, आणि छोटे बर्स्ट सेकंदाला १४०० पर्यंत. हीच आपल्या जॅमरची कुंडली.

आधी टेस्टर बनवा, मग बाकीचं

मोबाइलच्या कॅमेऱ्याने फक्त एलईडी पेटतोय एवढं कळतं. तो ३८ किलोहर्ट्झने पेटतोय की ३.८ ने, हे कॅमेरा सांगत नाही. बऱ्याच फोनच्या मागच्या कॅमेऱ्यावर इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो, म्हणून काही दिसलं नाही तर पुढच्या कॅमेऱ्याने बघा. ऑसिलोस्कोप कॉलेजच्या लॅबमध्ये कुलपात असतो. आणि खरं म्हणजे तो लागतही नाही.

एक टीएसओपी घ्या. त्याला ५ व्होल्ट द्या (जुना मोबाइल चार्जर चालेल). ५ व्होल्टच्या लायनीवरून एक लाल एलईडी आणि १ के चा रेझिस्टर घेऊन आउटपुटच्या पायाला जोडा, एलईडीचा लांब पाय ५ व्होल्टकडे. या रिसीव्हरचं आउटपुट एरवी वर असतं आणि सिग्नल आला की खाली जातं, म्हणून सिग्नल मिळाला की एलईडी पेटतो. रेझिस्टर १ के पेक्षा कमी लावू नका; ते आउटपुट ५ मिलिअँपिअरच्या वर झेपणारं नाही. रिसीव्हरच्या सप्लायवर, अगदी पायांजवळ, १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, नाहीतर चार्जरच्या घाणीनेच एलईडी लुकलुकत राहील.

इथेच निम्मी मंडळी अडकतात. टीएसओपी १७३८ चा फुगीर भाग आपल्याकडे करून धरला तर डावीकडून ग्राउंड, सप्लाय, आउटपुट असे पाय येतात. १८३८ किंवा टीएसओपी ३८२३८ मध्ये डावीकडून आउटपुट, ग्राउंड, सप्लाय असा क्रम असतो. दुकानात १७३८ मागितला की काउंटरवर जे असेल ते मिळतं आणि पाकिटावर काहीच लिहिलेलं नसतं. १८३८ ला १७३८ च्या जागी बसवलं की सप्लाय उलटा लागतो आणि नगाला बोट लावलं की चटका बसतो. चटका बसला की लगेच वायर काढा. कधी वाचतो, कधी नाही.

टेस्टर तयार झाला की आधी घरातला रिमोट त्याच्याकडे धरून कोणतंही बटण दाबा. लाल एलईडी थरथरतो. आता जॅमर चालू करून त्याच्याकडे धरा आणि नीट बघा. एलईडी पहिल्यांदा लख्ख पेटेल, मग मंदावेल, आणि जॅमर चालू असतानाच विझेल. हात एलईडीसमोर आडवा धरून थोड्या वेळाने काढला की पुन्हा क्षणभर पेटेल. हे दिसलं, तर तुमचं सोल्डरिंग, एलईडी, ट्रान्झिस्टर, सगळं ठीक आहे. कमतरता फक्त लयीची.

एलईडी मुळीच पेटला नाही तर फ्रिक्वेन्सी चुकली आहे, आणि पहिला संशय १०२ लिहिलेल्या कपॅसिटरवर घ्या. १०२ म्हणजे १ नॅनोफॅरड, १०३ म्हणजे १०. डब्यात दोन्ही शेजारी असतात, दिसायला सारखे. १०३ लागला की जॅमर ३.८ किलोहर्ट्झवर चालतो: कॅमेऱ्यात मस्त दिसतो, रिसीव्हरच्या लेखी तो नसतोच.

सलग सिग्नल तोडायचा

उपाय म्हणजे आणखी एक ५५५ (किंवा दोन्ही एकात असलेला ५५६). पहिला ५५५ हळू चालतो आणि दुसऱ्याला आळीपाळीने चालू-बंद करतो. पहिल्याचं आउटपुट, तीन नंबरचा पाय, दुसऱ्याच्या चार नंबरच्या पायाला म्हणजे रिसेटला जोडा. दुसऱ्याच्या रिसेटला आधी थेट सप्लाय दिलेला असतो, तो तोडायला विसरू नका. तो तसाच राहिला तर पहिल्या ५५५ चं आउटपुट सप्लायशी भांडत राहतं आणि जॅमर पूर्वीसारखाच सलग चालतो.

हळू चालणाऱ्याला १० के, ८२ के आणि १०३ लावा. ५५५ चं सूत्र सगळ्यांना पाठ असतं: १.४४ भागिले (पहिला रेझिस्टर अधिक दुसऱ्याची दुप्पट) गुणिले कपॅसिटर. हिशेब ८२७ हर्ट्झच्या आसपास येतो. चालू वेळ साधारण ०.६४ मिलिसेकंद, बंद ०.५७. म्हणजे एका बर्स्टमध्ये ३८ किलोहर्ट्झच्या चोवीसएक सायकल आणि मधे एकवीस-बावीस सायकलची गॅप. वरच्या कुंडलीत हे बरोबर बसतं. शिवाय एनईसी नावाच्या, आपल्याकडच्या असंख्य टीव्ही आणि सेटटॉप बॉक्सच्या पद्धतीत प्रत्येक बिटाचा बर्स्ट ०.५६ मिलिसेकंदाचा असतो. म्हणजे आपला कचरा दिसायलाही खऱ्या मालासारखा दिसतो, आणि रिसीव्हर तो इमानदारीने पुढच्या चिपकडे पाठवतो. रिमोटचा हुकूम त्या कचऱ्यात मिसळतो आणि चिपला त्यातून काही लागत नाही.

जलद चालणाऱ्याला १०२ कपॅसिटर, पहिला रेझिस्टर ८.२ के, आणि दुसऱ्याच्या जागी १२ के च्या पुढे ५ के चा प्रीसेट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर). प्रीसेट एका टोकापासून दुसऱ्या टोकाला फिरवला की साधारण ३४ ते ४४ किलोहर्ट्झ असा पल्ला मिळतो. ठरीव रेझिस्टर लावून बरोबर ३८ येईल या भरवशावर राहू नका. रिसीव्हरच्या फिल्टरची रुंदी मधल्या फ्रिक्वेन्सीच्या दहाव्या हिश्शाएवढी, म्हणजे दोन्ही बाजूंना पाचच टक्के. स्वस्त सिरॅमिक कपॅसिटर मात्र दहा-वीस टक्के इकडे-तिकडे असतो.

प्रीसेट लावायची रीत: जॅमरचं तोंड भिंतीकडे करा, टेस्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, म्हणजे भिंतीवरून उलटून येणारा कमजोर सिग्नल त्याला मिळेल. प्रीसेट हळूहळू फिरवत जिथे लाल एलईडी सगळ्यात ठळक दिसतो तिथे थांबा. अगदी जवळून लावाल तर सगळंच चांगलं दिसेल आणि प्रीसेट भलत्याच जागी बसेल. फ्रिक्वेन्सी मोजणारा मल्टिमीटर असेल तर जलद ५५५ चा रिसेट तात्पुरता पहिल्यापासून सोडवून सप्लायला जोडा आणि त्याच्या तीन नंबरच्या पायावर मोजा. सोनीचा टीव्ही ४० किलोहर्ट्झचा आणि जुन्या फिलिप्सची आरसी-५ पद्धत ३६ ची असते, तेव्हा तिथे प्रीसेट थोडा सरकवावा लागतो. दोघांना एकाच वेळी पुरवायचं असेल तर ३८ वर ठेवून जवळ जाणं हाच व्यवहार.

जानेवारीत चालला, एप्रिलमध्ये का नाही?

गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत बनवलेला जॅमर उन्हाळ्यात नापास होतो, हे इथे दरवर्षीचं आहे. मुलं बॅटरी बदलतात, एलईडी बदलतात. दोष असतो त्या चपट्या तपकिरी सिरॅमिक कपॅसिटरचा. स्वस्त सिरॅमिकचं मूल्य तापमानाबरोबर सरकतं, काही जातींचं तर फारच. सोलापुरात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत किंवा बंद प्लॅस्टिकच्या डबीत आणखी वर. कपॅसिटर उतरला की फ्रिक्वेन्सी चढते, पाच टक्क्यांची हद्द सुटते, आणि पल्ला निम्म्यावर येतो.

खात्री करायची असेल तर टेस्टरसमोर जॅमर चालू ठेवून गरम सोल्डरिंग आयर्न त्या कपॅसिटरच्या जवळ आणा, टेकवू नका. लाल एलईडी मंदावत गेला आणि आयर्न बाजूला केल्यावर परत उजळला, तर चोर सापडला. त्याच्या जागी हिरवा मायलर, म्हणजे पॉलिस्टर कपॅसिटर घाला, किंवा एनपीओ जातीचा सिरॅमिक मागा. फरक दोन-पाच रुपयांचा. प्रीसेट पुन्हा लावा, आणि शक्यतो दुपारी लावा.

उन्हाचं दुसरंही एक लफडं आहे, ते उलट्या बाजूने फसवतं. दुपारी दारातून ऊन थेट टीव्हीच्या पट्टीवर पडत असेल तर रिसीव्हर त्या उजेडानेच अर्धा आंधळा झालेला असतो. तेव्हा तुमचा मरतुकडा जॅमरही शेर वाटतो. संध्याकाळी तोच फुसका निघतो.

हीच गोष्ट 'कारखान्यात चालतं, घरी नाही' या तक्रारीत. टॉवेलच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये टीव्हीच्या डोक्यावर इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूबा असतात. हे चोक ट्यूबला वीस-चाळीस किलोहर्ट्झने चालवतात, म्हणजे रिमोटच्याच मोहल्ल्यात. रिसीव्हरने आधीच कान बारीक केलेला असतो, त्यात तुमच्या जॅमरची भर पडते आणि रिमोट पार बसतो. त्याचं श्रेय सर्किटला देऊ नका. चाचणी ट्यूब बंद करून, अंधारात करा.

आणि कुणी विचारलं की "आमच्याकडे जॅमर नाही, तरी रात्री रिमोट चालत नाही, शेजारच्या पोराने तर काही लावलं नाही ना?" तर पोराला शिव्या द्यायच्या आधी घरातले दिवे एकेक करून बंद करून बघायला सांगा. इन्फ्रारेड भिंतीतून जात नाही. शेजाऱ्याला तुमच्या खिडकीत यावं लागेल. जुना सीएफएल असेल तर तो लावल्यावरचा पहिला मिनिट संशयाचा, कारण आतला पारा तापेपर्यंत तो आर्गॉन वायूचा इन्फ्रारेड बऱ्यापैकी फेकतो. स्वस्त एलईडी दिव्याचा ड्रायव्हरही असे उद्योग करतो.

ताकदीचा भाग

ताकद हा मुद्दा शेवटी येतो, पण येतो. तीन-चार चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, विशेषतः साधी झिंक-कार्बनची, शंभर मिलिअँपिअरचे झटके देताना बसते. मल्टिमीटरवर बिनलोड नऊ दिसतात म्हणून लोक फसतात. चार पेन्सिल सेल घ्या, सहा व्होल्ट. दोनच सेल लावले तर साधा एनई ५५५ चालणार नाही, त्याला निदान साडेचार व्होल्ट लागतात. तिथे ७५५५ सारखी सीमॉस जात हवी.

ट्रान्झिस्टर म्हणून बीसी ५४७ लावलेला असतो, कारण तो सगळ्यांच्या डब्यात असतो. त्याची मर्यादा १०० मिलिअँपिअर. बीसी ३३७ किंवा २एन२२२२ लावा. लॅबमध्ये धातूच्या टोपीचा जुना एसएल १०० पडलेला असेल तर तोही उत्तम. बेसला ४७० ओहम. दोन इन्फ्रारेड एलईडी एकामागे एक, पुढे ३३ ओहम: सहा व्होल्टातून एलईडींचे साधारण २.७ आणि ट्रान्झिस्टरचे ०.३ गेले की उरलेल्या तिनावर नव्वदएक मिलिअँपिअर मिळतात. सप्लायवर १०० मायक्रोफॅरड, आणि प्रत्येक ५५५ च्या एक आणि आठ नंबरच्या पायांत १०४ चा कपॅसिटर. हा १०४ नसला की हळू चालणारा ५५५ जलद चालणाऱ्याच्या धक्क्यांनी बिथरतो आणि लय चुकते.

एलईडीही तपासा. रोबोच्या सेन्सरसाठी जोडी मिळते, एक पारदर्शक आणि एक काळा. त्यातला काळा बहुधा फोटोडायोड असतो, तो उजेड घेतो, देत नाही. तो लावून बसलेले बरेच भेटतात. आणि सीसीटीव्हीतून काढलेला एलईडी अंधारात मंद लाल दिसत असेल तर तो ८५० नॅनोमीटरचा. चालेल, पण रिसीव्हर ९५० च्या आसपास सगळ्यात तल्लख असतो, त्यामुळे पल्ला कमी मिळेल.

दोन ५५५ लावूनही नवा टीव्ही दाद देत नाही

नवीन रिसीव्हर जास्त चोखंदळ असतात. एकाच ठेक्यात अखंड चालणारे बर्स्टही काही मॉडेल हळूहळू दाबून टाकतात. इथे ५५५ सोडा आणि आर्डुइनोसारखा मायक्रोकंट्रोलर घ्या. त्याच्याकडून रिमोटसारखीच पूर्ण फ्रेम पाठवायची: ९ मिलिसेकंद बर्स्ट, ४.५ गॅप, मग बत्तीस बिट, पण अर्थहीन. अशी फ्रेम रिसीव्हरने दाबली तर त्याला खरा रिमोटही दाबावा लागेल, म्हणून तो दाबत नाही.

मधली विश्रांती किती ठेवायची, यात खरी गंमत आहे. एनईसीची फ्रेम साधारण ६८ मिलिसेकंदांची, आणि दर १०८ ला एक पाठवतात, म्हणजे मधे ४० रिकामे. त्या चाळिसात दुसरी एनईसी फ्रेम पूर्ण मावत नाही, म्हणून रिमोट कुठल्याही क्षणी दाबला तरी आपल्याशी धडकतोच. पण आरसी-५ ची फ्रेम पंचविसाच्या आसपास आणि सोनीची बारा बिटांची तर त्याहून लहान. त्या दोन्ही चाळिसाच्या फटीतून सहज निसटतात. तिथे विश्रांती पंधरा मिलिसेकंदांपर्यंत आणा. 'बाकी सगळं बंद पडतं, सोनी तेवढा चालतो' या कोड्याचं उत्तर बऱ्याचदा हेच.

आणि काही टीव्हींना कशानेच काही होणार नाही, कारण त्यांचा रिमोट इन्फ्रारेडवर चालतच नाही. स्मार्ट टीव्हीचा आवाजाने चालणारा रिमोट बहुधा ब्लूटूथचा असतो. ओळखायचं सोपं आहे: सोलापुरी चादरीची चार पदरी घडी करा, रिमोट तिच्या मधोमध घाला आणि आवाज वाढवायचं बटण दाबा. टीव्ही हलला तर जॅमर बाजूला ठेवा. अशा रिमोटचं पॉवर बटण मात्र अनेकदा इन्फ्रारेडचंच असतं, म्हणून प्रत्येक बटण वेगळं तपासा.

टीव्ही बंद करणारी जात

एटीटायनी ८५ या छोट्या मायक्रोकंट्रोलरवर बनवलेली डबी बटण दाबल्यावर लुकलुकते, पण एकही टीव्ही बंद होत नाही. नवीन चिप कारखान्यातून येते तेव्हा तिचं आतलं ८ मेगाहर्ट्झचं घड्याळ आठाने भागलेलं असतं, म्हणजे १ मेगाहर्ट्झ. फ्यूज (चिपमधली ही सेटिंग) बदलला नाही की ३८ किलोहर्ट्झचे पावणेपाच होतात आणि कोडांची सगळी फेरी आठपट रेंगाळते. लुकलुकणं संथ वाटलं की आधी फ्यूज बघा. फ्यूज बरोबर असूनही पल्ला कमी असेल तर आतलं घड्याळ दहा टक्क्यांपर्यंत चुकू शकतं हे लक्षात घ्या आणि बाहेरून ८ मेगाहर्ट्झचा रेझोनेटर लावा.

टीव्ही बंद होऊन लगेच पुन्हा चालू होतो? पॉवरचा कोड बहुधा एकच असतो, चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. यादीत तोच कोड दोनदा आला, किंवा दोन कंपन्यांनी एकच वापरला, की हे होतं. टीव्ही बंद झाला की डबी खिशात घाला, एवढंच.

इथेच सुटे भाग जोडून बनवलेल्या टीव्हीचे कोड यादीत नसतात. ते त्याच्या रिमोटवरून आर्डुइनोने वाचून घ्यावे लागतात, आणि इथे एक जुनं दुखणं आहे. आर्डुइनोच्या आयआर-रिमोट लायब्ररीच्या जुन्या आवृत्त्या बिट उलट्या क्रमाने लिहायच्या. एलजीचा पॉवर कोड सगळीकडे २०डीएफ१०ईएफ असा सापडतो; नव्या आवृत्तीत तोच पत्ता ०४, हुकूम ०८ असा दिसतो, कारण २० चे बिट उलटे वाचले की ०४ आणि १० चे ०८ होतात. जुना आकडा नव्या फंक्शनमध्ये जसाच्या तसा टाकला की टीव्ही ढिम्म. एक तर उलटवून घ्या, नाहीतर जुन्या क्रमासाठी लायब्ररीत वेगळं फंक्शन आहे ते वापरा.

जरा जपून

जॅमरला टीव्ही आणि एसी यातला फरक कळत नाही. एसीची फ्रेम टीव्हीपेक्षा बरीच लांब असते आणि शेवटी तिची पडताळणी होते, त्यामुळे एक बिट बिघडला तरी सगळी फुकट जाते. म्हणजे टीव्हीवर जेमतेम चालणारा जॅमर एसीला हमखास नडतो. रिमोटवर चालणारे बीएलडीसी पंखेही त्यातच आले. सोलापुरात मे महिन्यात घरच्यांचा पंखा अडवून बघायची हौस असेल तर परिणामांची जबाबदारी आपली. दवाखान्याच्या हॉलमध्ये किंवा टोकन नंबर दाखवणाऱ्या पडद्यासमोर हे खेळणं काढू नये. स्वतःचा टीव्ही, स्वतःची खोली, फार तर मेसमधले मित्र, तेही सांगून.

इतकं करूनही अडलं तर विचारताना 'चालत नाही' एवढंच लिहू नका. सर्किटचा दोन्ही बाजूंनी फोटो टाका, त्यात कपॅसिटरवरचे आकडे वाचता आले पाहिजेत. टेस्टरचा लाल एलईडी पेटतच नाही, पेटून विझतो की पेटलेलाच राहतो ते सांगा. रिमोट चादरीत घालून बघितला का, आणि टीव्हीच्या वर कोणती ट्यूब आहे, तेही.